संत्र्या-डाळिंबाच्या साली वाळवताना या चुका टाळा

साली वाळवण्यात सगळ्यात जास्त माती होते ती घाईने. हाताला कोरडी लागली की लोक मिक्सर काढतात. संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा थर स्पंजासारखा असतो, तो ओल सहज सोडत नाही. लवकर आटपावं म्हणून ओव्हन 80 अंशांवर ठेवला की बाहेरची बाजू कडक होते आणि आतली ओल अडकते. अशा सालीची पूड आठ-दहा दिवसांत गाठी धरते, मग कुबट वास, मग हिरवट ठिपके. ठिपके चमच्याने काढून खालची पूड वापरू नका. बुरशीचं विष खाली उतरलेलं असू शकतं आणि ते भाजूनही जात नाही. अख्खा डबा फेका.

सेंटिमीटरभर रुंद पट्ट्या कापा, सुती कापडावर एकेरी पसरा, सावलीत, वाऱ्याला. ड्रायर असेल तर 50 ते 55 अंश, त्यापुढे नको. पट्टी कट्कन मोडली पाहिजे. वाकली तर कच्ची. मग पट्ट्या काचेच्या बरणीत दोन दिवस बंद ठेवा. काचेला आतून वाफ धरली तर पुन्हा वाळवा. पूड महिन्यापुरतीच करावी, बाकीच्या पट्ट्या अंधारात.

तो पांढरा थर कडू म्हणून खरवडूनही टाकू नका, हेस्पेरिडिन हे संत्र्यातलं उपयोगी द्रव्य मुख्यतः त्यातच असतं.

डाळिंबाची साल लोखंडी कढईत उकळणं ही दुसरी मोठी चूक. तिच्यातली प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लोखंडाशी जखडतात आणि काढा शाईसारखा काळा होतो. रंगारी गडद छटेसाठी मुद्दाम हेच करतात. पिण्यासाठी स्टीलचं भांडं घ्या. हीच टॅनिनं जेवणातलं लोहही धरून ठेवतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर काढा आणि जेवण यांत दोन तास जाऊ द्या. रोजची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

फळ सोलण्याआधी धुवा, नंतर नव्हे. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम खायचा सोडा, 12 ते 15 मिनिटं. सफरचंदावरची काही कीटकनाशकं याने निघतात असं 2017 साली अमेरिकेतल्या प्रयोगात दिसलं. मात्र सालीत मुरलेलं कीटकनाशक निघत नाही, त्यामुळे फवारणीची खात्री नसेल तर ती साल खाऊच नये.

सफरचंदातलं क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट जवळजवळ सगळं सालीतच असतं. वाळवत बसू नका, सालीसकट खा.

लिंबाची साल चेहऱ्याला चोळून उन्हात जाऊ नका, डाग पडतात. आंब्याच्या चिकाने अंगावर पुरळ येत असेल, तर त्याची सालही नको.