मुलांसाठी घरचे रंग: खळ, डिंक, गेरू आणि मिठाची कणीक

बीट किसायचं, रस पिळायचा, ब्रश बुडवायचा. घरच्या रंगांचा प्रयोग बहुतेक घरांत इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. कागद ओला होऊन फुगतो, रेघ पसरते आणि चार दिवसांत गुलाबीचं तपकिरी होतं. रस म्हणजे नुसतं रंगीत पाणी. कागदाला धरून ठेवणारं त्यात काहीच नसतं. म्हणून सुरुवात चिकट पदार्थापासून करावी. घरात असे दोन सहज मिळतात: पिठाची खळ आणि खाण्याचा डिंक. हे दोन नीट जमले की रंग कुठलाही घाला.

खाली वाटी म्हणजे 150 मिली, मोठा चमचा 15 मिली आणि लहान चमचा 5 मिली धरला आहे.

खळ

4 मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. एकही गुठळी राहता कामा नये. दुसरीकडे एक वाटी पाणी उकळत ठेवा, त्यात हे मिश्रण बारीक धारेने सोडा आणि मंद आचेवर ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत दुधी रंग जाऊन खळ किंचित पारदर्शक, चकचकीत होते. तेव्हाच उतरवा. पांढरट असतानाच उतरवली तर पिठातला स्टार्च पुरता फुललेला नसतो. अशी खळ वाळल्यावर भुकटी होऊन निघते. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर बाहेरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं पीठ अडकतं, आणि त्या गुठळ्या मग कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत.

गार झाल्यावर खळ घट्ट होते, म्हणून गरम असताना थोडी पातळ वाटली तरी हरकत नाही. बाहेर दोन दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घातले तर बुरशी जरा उशिरा धरते. आंबूस वास आला की टाकून द्या. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे. मुलांच्या खळीत कधीही घालू नका.

पतंग किंवा पाकीट चिकटवायला एवढ्या खटाटोपाचीही गरज नाही. मऊ भाताची चार शितं बोटाने कागदावर चोळली की काम होतं.

बोटांनी रंगवायचे रंग

इथे मैद्यापेक्षा कॉर्नफ्लोअर बरं, कारण त्याची खळ जास्त नितळ होते आणि रंग मळकट दिसत नाही. 3 मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दीड वाटी पाणी, वरच्याच पद्धतीने. गार झाल्यावर एक लहान चमचा ग्लिसरीन घाला, म्हणजे वाळलेला थर तडकत नाही. यात साखर घालायचीही पद्धत आहे. तिने चमक येते, पण भिंतीवर लावलेल्या चित्राला मुंग्या लागतात. औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीनच वापरा.

शिजताना लिंबू पिळू नका. आंबटपणाने गरम स्टार्च तुटतो आणि खळ पाण्यासारखी होते. शिवाय गार झाल्यावर जोरजोराने घोटू नका, तेवढ्यानेही ती सैल पडते.

आता ही खळ चार वाट्यांत वाटून एकेकीत रंग घाला: अर्धा लहान चमचा हळद, एक चमचा गेरू, अर्धा चमचा कोळशाची वस्त्रगाळ पूड. चौथीत बिटाचा रस. तो कच्च्या बिटाचा हवा, कारण उकळत राहिलं की बिटाचा रंग मोडतो. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. नुसत्या हळदीच्या पाण्याने रंगवताना पहिली रेघ फिकी आणि शेवटची गडद येते ती यामुळेच. खळीत ती तरंगत राहते.

माती धुऊन घ्या

टिकणारा रंग हवा असेल तर फुलं-भाज्या सोडून मातीकडे वळावं. बीट, पालक, हळद उन्हात उडतात. गेरूतला लाल रंग लोहाचा आहे, तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. अंगण आणि तुळशीवृंदावन रंगवायला जो गेरू आणतात तोच घ्या. कोकणात जांभ्याची माती चालते. शाडूचा फिकट राखाडी आणि शेतातल्या काळ्या मातीचा करडा रंगही सुंदर येतो.

माती तशीच वापरली तर ब्रशखाली खरखरते, कागद ओरखडतो. म्हणून ती धुवायची. दोन मूठ गेरू कुटून काचेच्या बरणीत भरपूर पाण्यात ढवळा. साठ अंक मोजा. जड खर तळाशी बसतो. वरचं रंगीत पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि खर फेकून द्या. हेच आणखी एकदा करा. मग भांडं रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं नितळ पाणी काढलं की खाली लोण्यासारखा मऊ गाळ उरतो. हाच तुमचा रंग. हे काम मुलांकडूनच करून घ्यावं. ओतताना हात स्थिर ठेवायला त्यांना फार आवडतं.

आता डिंक. लाडवासाठी आणतो तो बाभळीचा किंवा धावड्याचा घ्या. कतिरा डिंक घेऊ नका. तो पाण्यात विरघळत नाही, फुगून जेलीसारखा होतो. 2 मोठे चमचे डिंक कुटून 4 मोठे चमचे कोमट पाण्यात रात्रभर भिजवा आणि कापडातून गाळा. दोन चमचे गेरूच्या गाळाला एक चमचा डिंकाचं पाणी आणि ग्लिसरीनचे चार-पाच थेंब, एवढं प्रमाण सुरुवातीला ठेवा.

पुढचं प्रमाण रंगच सांगतो. कागदावर एक पट्टा ओढा, पूर्ण वाळू द्या, बोट फिरवा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला. पट्टा चकाकतो आणि कागद वाकवल्यावर पापुद्रे सुटतात, तर डिंक जास्त झाला. आणखी गाळ घाला. प्रमाण जमलं की रंग बाटल्यांच्या झाकणांत भरून सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. पाण्याच्या रंगांच्या वड्या तयार. उन्हात घाई केली तर त्या भेगाळतात.

पांढऱ्यासाठी तांदळाची पिठी आणि डिंकाचं पाणी. वारली चित्रांत गेरूच्या भिंतीवरचा पांढरा असाच तांदळाच्या पिठाचा असतो, आणि ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. घरी काडीचं टोक बत्त्याने ठेचा. ओली असताना ही पिठी जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर उठून येते. मुलांना हे आधी सांगा, नाहीतर ती थरावर थर चढवतात.

रंग बदलणारी पाणी

उडणारे रंग टाकाऊ नाहीत, त्यांचा खेळ वेगळा आहे. गोकर्णाची दहा फुलं अर्धी वाटी गरम पाण्यात ठेवा: निळं पाणी. लिंबाचे थेंब पडले की जांभळं. कागदावर हळदीचा हात फिरवून वाळवा आणि अंगाच्या साबणाच्या पाण्याने त्यावर रेघा ओढा, लालसर उमटतात. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे, फक्त तिथे चुना वापरतात. मुलांच्या हाती चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

मिठाची कणीक

एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, 2 लहान चमचे तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस. जाड बुडाच्या कढईत सगळं गार असतानाच कालवून मंद आचेवर ढवळा. चार-पाच मिनिटांत गोळा कडा सोडतो. कोमट झाल्यावर पाच मिनिटं मळा. चिकटत असेल तर आणखी शिजवा. कोरडा मैदा मळत बसलं की कणीक कडक होते.

पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा पाझरतो. मैद्याचा हात लावून पुन्हा मळा, घट्ट डब्यात ठेवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट तो चिरतो, तेव्हा पाण्याचा हात लावा. वस्तू वाळवायच्या असतील तर जाडी एक सेंटिमीटरच्या आत ठेवा. जाड वस्तू बाहेरून आधी वाळते आणि फुटते. या कणकेत मीठ इतकं असतं की ती जास्त खाल्ली तर लहान मुलाला, घरातल्या कुत्र्यालाही, धोका होतो. सगळं तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलांना ती देऊ नका.

काय अजिबात घ्यायचं नाही

शेंदूर शिशाचा असतो, तो पूर्ण वर्ज्य. बाजारचं कुंकू, रांगोळीचे आणि होळीचे तयार रंगही नकोत, त्यांत काय मिसळलंय ते कळत नाही. हळद सुटी न घेता पाकिटातली घ्या.

कपड्यावर हळद सांडली की साबण लावल्यावर डाग लाल होतो, घाबरू नका. धुऊन तो भाग थेट उन्हात वाळवा. दोन-तीन उन्हांत डाग उडतो.