न्यू जर्सीत मासे गरवायचे आहेत? आधी पाणी ओळखा, मग लायसन्स काढा

न्यू जर्सीत गळ टाकायला लायसन्स लागतं का? ते तुम्ही कोणत्या पाण्यापुढे उभे आहात त्यावर आहे. तळं, ओढा, धरण, नदीचा वरचा भाग म्हणजे गोडं पाणी. तिथे लायसन्स हवंच. समुद्र आणि खाडी म्हणजे खारं पाणी; तिथे लायसन्स नाही, पण नोंदणी आहे आणि ती फुकट होते. एडिसन गावाहून एका बाजूला निघालात की अर्ध्या तासात रॅरिटन बे ही खाडी, दुसऱ्या बाजूला पाऊण तासात स्प्रूस रनचा जलाशय. काठी तीच, पण कागद वेगळा आणि नियमही वेगळे. म्हणून सुरुवात इथून करायची.

घोळ होतो तो नद्यांवर. भरती-ओहोटी नदीत कितीतरी आतपर्यंत येते, मग गोडं कुठे सुरू झालं म्हणायचं? राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याने प्रत्येक मोठ्या नदीवर तशी रेघ ठरवून दिली आहे. डेलावेअर नदीवर ती कमोडोर बॅरी पुलापाशी आहे. पुलाच्या वरच्या अंगाला लायसन्स लागतं. हडसन नदी मात्र न्यू जर्सीच्या बाजूला खारीच धरतात. बाकीच्या नद्यांची यादी खात्याच्या नियमपुस्तिकेत आहे. तिला डायजेस्ट म्हणतात, ती खात्याच्या वेबसाइटवर फुकट मिळते आणि फोनमध्ये उतरवून ठेवावी अशीच आहे. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या पुस्तिका वेगवेगळ्या असतात.

गोड्या पाण्याचं लायसन्स

16 ते 69 वयाच्या प्रत्येकाला ते लागतं, खाजगी तळ्यावरसुद्धा. राज्यात सलग सहा महिने राहिलेला माणूस रहिवासी ठरतो आणि त्याला 22.50 डॉलर पडतात. 65 ते 69 वयाच्या रहिवाशांना 12.50 डॉलर, 70 पूर्ण झालेल्या रहिवाशांना काहीच नाही. सोळाच्या आतल्या मुलांना लायसन्स नको, पण मापाचे आणि संख्येचे नियम त्यांनाही लागू आहेत. मुलाची काठी हातात घेऊन तुम्ही स्वतः गळ टाकणार असाल, तर तुमचं लायसन्स खिशात असू द्या.

काढायचं कसं? खात्याच्या वेबसाइटवर, किंवा आमिषाच्या दुकानात आणि खेळाचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांत. जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर द्यावा लागतो. पहिल्यांदा तुमच्या नावाचा एक कॉन्झर्व्हेशन आयडी नंबर तयार होतो; तो जपून ठेवा, पुढच्या वर्षी तोच वापरायचा. दुकानातून काढलंत तर एक फायदा हमखास: कुठल्या तळ्यात सध्या काय लागतंय ते काउंटरवरचा माणूस सांगतो. लायसन्स 31 डिसेंबरला संपतं, त्यामुळे ते ऑक्टोबरात काढण्यापेक्षा मार्चमध्ये काढलेलं बरं.

ट्राउट हा थंड गोड्या पाण्यातला मासा धरायचा असेल तर वर ट्राउट स्टॅम्प, म्हणजे जादा परवाना; रहिवाशांना तो 10.50 डॉलरला पडतो. राज्य स्वतःच्या पेक्वेस्ट हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, रेनबो ट्राउट वाढवून ओढ्यांत आणि तळ्यांत सोडतं. वसंतात मासे सोडायचं काम चालू असताना अशा बऱ्याच पाण्यांवर ट्राउट ठेवायला बंदी असते आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या एका शनिवारी सकाळी आठला हंगाम उघडतो. त्या सकाळी काठावर जत्रा असते. पहिल्यांदाच जात असाल तर गर्दी टाळून पुढच्या आठवड्यात जा.

आईबाबा भारतातून आले आहेत आणि बाबांना काठी धरायची आहे, हे आपल्या घरांत नेहमीचं. त्यांचं वय सत्तरच्या वर असलं तरी माफी रहिवाशांनाच आहे, पाहुण्यांना नाही. त्यांच्यासाठी दोन दिवसांचं किंवा सात दिवसांचं बाहेरच्यांचं लायसन्स मिळतं, ते दुकानात जाऊन काढणं सोपं. शिवाय वर्षातून दोन दिवस, सहसा जूनमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक, फ्री फिशिंग डे असतो; त्या दिवशी कुणालाच लायसन्स लागत नाही.

डेलावेअर नदीवर जाणाऱ्यांसाठी एक सोय: जिथे ती न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाची हद्द आहे तिथे दोन्हींपैकी कोणत्याही राज्याचं लायसन्स चालतं.

खाऱ्या पाण्याची नोंदणी

सॉल्टवॉटर रजिस्ट्री ऑनलाइन पाच-दहा मिनिटांत होते. नाव, पत्ता, फोन भरायचा, पावती जवळ ठेवायची, दर वर्षी नव्याने करायची. फुकट आहे म्हणून टाळू नका. कोण मासे धरतं याची यादी असली की सरकार त्यातल्या काहींना विचारून किती मासा निघाला याचा अंदाज बांधतं, आणि त्याच आकड्यांवरून पुढच्या वर्षीचे नियम ठरतात. बेलमार किंवा पॉइंट प्लेझंटहून सुटणाऱ्या पार्टी बोटीवर तिकीट काढून गेलात तर प्रवाशाला नोंदणी लागत नाही. नवशिक्याने पहिली फेरी अशा बोटीवरच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. काठी, आमिष मिळतं आणि मासा मापात आहे की नाही हे बोटीवरची माणसं दाखवतात.

माप, संख्या, हंगाम

प्रत्येक जातीला तीन गोष्टी बघायच्या: किती इंच, दिवसाला किती, आणि कोणत्या महिन्यात. त्या वर्षागणिक बदलतात, म्हणून मित्राच्या आठवणीवर जाऊ नका.

स्ट्राइप्ड बासचं उदाहरण घ्या, वसंतात रॅरिटन बेवर लोक त्याच्यासाठीच उभे असतात. 2023 पासून 28 ते 31 इंचांमधलाच ठेवता येतो, माणशी दिवसाला एक. चाळीस इंची धूड लागलं तरी परत सोडायचं, कारण एवढ्या मोठ्या बहुतेक माद्या असतात आणि अंडी त्याच जास्त घालतात. आमिष लावून धरत असाल तर सर्कल हुकच हवा. हा गळ आतल्या बाजूला वळलेला असतो, त्यामुळे तो माशाच्या पोटात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो आणि सोडलेला मासा जगतो. जोराचा हिसका देऊ नका. मासा ओढू लागला की सावकाश गुंडाळायला घ्या.

मोजायचं तोंड मिटवून, थुतरीपासून शेपटीच्या टोकापर्यंत. ब्लॅक सी बासच्या शेपटीतून दोऱ्यासारखा तंतू निघतो, तो धरायचा नाही. आपल्या लेप्यासारखा चपटा फ्लूक मोठा दिसतो, पण मापात अर्ध्या इंचाने हुकतो, म्हणून टेप हवीच. मापाचा नियम असलेले मासे समुद्रावरच कापून तुकडे करायला बंदी आहे, कारण मग अधिकाऱ्याला माप घेता येत नाही.

गोड्या पाण्यात 15 एप्रिल ते 15 जून लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास धरला तर लगेच सोडायचा. या दिवसांत नर घरट्याची राखण करतो, तो उचलला की अंडी दुसरे मासे खातात.

खेकडे

ब्ल्यू क्रॅब हाताच्या दोरीने किंवा हाताने ओढून मिटणाऱ्या सापळ्याने धरायला लायसन्स नाही. पाण्यात ठेवून यायच्या पिंजऱ्याला आहे. कडक कवचाचा खेकडा कवचाच्या एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या टोकापर्यंत साडेचार इंच हवा आणि पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी सोडायचीच.

न्यूअर्क बे, आर्थर किल, किल व्हॅन कल, पसेइक आणि हॅकेनसॅकचे भरतीचे पट्टे इथले खेकडे मात्र धरायचेही नाहीत आणि खायचेही नाहीत. न्यूअर्कमधल्या जुन्या रसायन कारखान्यातून आलेलं डायॉक्सिन हे विषारी रसायन तिथल्या गाळात आहे. ते शिजवून जात नाही, आणि पकडलं गेल्यास दंडही मोठा आहे.

दुसरीकडचे खेकडे आणलेत तरी कवचाखालचा हिरवट मगज शिजवण्याआधीच काढून टाका. विष साठतं ते तिथे. खेकडे उकडलेलं पाणीही ओतून द्या, कालवणात वापरू नका. माशांचं पोटाकडचं चरबट मांस आणि कातडं काढलं की पीसीबी ही चरबीत साठणारी विषारी रसायनं कमी होतात, पारा मात्र मांसातच राहतो. त्यामुळे कोणत्या पाण्यातला कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा हे राज्याच्या सल्ला-तक्त्यात बघा, आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांच्यासाठीचा वेगळा रकाना वाचा.