दांडी, दोरी आणि पिसांची माशी: फ्लाय फिशिंगची सुरुवात करताना

साध्या गळाच्या मासेमारीत टोकाला वजन असतं. शिसं असो, आटा असो की चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, ते फेकलं की मागून बारीक दोरा ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये सगळा मामला उलटा. टोकाला पिसांची आणि दोऱ्याची बांधलेली माशी असते, म्हणजे फ्लाय. ती इतकी हलकी की हाताने भिरकावली तर पायाशीच पडेल. इथे वजन दोरीत असतं. जाडसर, प्लास्टिकचं आवरण असलेली दोरी हवेत फेकायची आणि माशी तिच्या मागून निमूट जाते. हे एकदा डोक्यात बसलं की पैसे कुठे घालायचे आणि हात कुठे चुकतो, हे दोन्ही कळायला लागतं.

भारतात शिकायचं तर हिमाचलची तीर्थन नदी उत्तम. कुल्लूकडे जाताना औटजवळ वळून बंजार आणि पुढे गुशैनी गाठायचं. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येणारं हे थंड, स्वच्छ पाणी लारजीला बियास नदीत मिळतं. इथला ब्राउन ट्राउट मासा मूळचा इथला नव्हे. 1909च्या सुमारास काश्मीरमधून अंडी आणून तो कुल्लू खोऱ्यात सोडला गेला. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटचा विणीचा काळ, तेव्हा मासेमारी बंद. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि बेभरवशाचं. म्हणून मार्च ते जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, हेच दिवस धरा. मत्स्य विभागाचा परवाना लागतो. तो काढतानाच किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात, हे विचारून घ्या.

सामान: दोरीवर खर्च, रिळावर काटकसर

पहिली दांडी 9 फुटांची, 5 वेटची, चार तुकड्यांची आणि मध्यम-जलद लवचिकतेची घ्या. चार तुकड्यांची दांडी मोडून ठेवली की पाऊण मीटरच्या नळीत मावते, त्यामुळे रेल्वे-विमानात अडचण होत नाही. (गळ, चिमटा आणि कात्री मात्र विमानात नेताना सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको.) ‘5 वेट’ हे दांडीचं वजन नव्हे. ती दांडी कोणत्या वजनाच्या दोरीसाठी बनवली आहे, हे तो आकडा सांगतो. 5 नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात, आणि तेवढ्या वजनाने दांडी नीट वाकते. 5च्या दांडीवर 3ची दोरी लावली तर दांडी वाकणारच नाही, मग कितीही जोर लावा. पुढेमागे महसीरसारख्या मोठ्या माशासाठी 8 किंवा त्याहून वरची दांडी लागेल, पण सुरुवात तिथून करू नका. तासाभरात खांदा भरून येतो.

दोरी डब्ल्यूएफ-5-एफ अशी मागा. डब्ल्यूएफ म्हणजे पुढचा भाग जड, 5 हा नंबर आणि एफ म्हणजे तरंगणारी. दुकानदार दांडी-रीळ-दोरीचा तयार संच दाखवतो, त्यात बहुधा दोरीच सगळ्यात हलक्या प्रतीची असते. कडक, वेटोळ्यांची आठवण न सोडणारी दोरी चांगल्या दांडीलाही निकामी करते. उलट साध्या दांडीवर चांगली दोरी लावली की हात लवकर बसतो. ट्राउटसाठी रीळ म्हणजे मुख्यतः दोरी गुंडाळून ठेवायची चकती. हलकं आणि न अडखळता फिरणारं असलं की पुरे.

रिळावर आधी बॅकिंग, म्हणजे 20 पाउंड ताकदीचा डॅक्रॉनचा दोरा, 50 ते 75 मीटर. तीर्थनचा मासा इतका दूर क्वचितच पळेल. पण बॅकिंगमुळे चकतीचा मधला भाग जाड होतो आणि दोरीला घट्ट वेटोळी पडत नाहीत. दोरी गुंडाळून झाल्यावर चकतीच्या काठापर्यंत अर्धा सेंटिमीटर जागा मोकळी राहायला हवी. एक हमखास होणारी चूक: दोरीचं जड टोक रिळाकडे आणि बारीक टोक बाहेर. दोरीच्या एका टोकाला ‘हे टोक रिळाला’ अशी चिठ्ठी असते, ती आधी वाचा. उजव्या हाताने फेकणाऱ्यांनी रीळ डाव्या हाताने फिरेल असं लावावं, म्हणजे मासा लागल्यावर दांडी हातबदल करावी लागत नाही.

दोरीच्या पुढे लीडर. हा 9 फुटांचा पारदर्शक दोरा दोरीकडे जाड असतो आणि माशीकडे बारीक होत जातो. दोरीतला जोर हळूहळू माशीपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. त्याऐवजी सरसकट एकाच जाडीचा मांजा लावला तर जोर मध्येच संपतो आणि सगळं गुंतवळ पाण्यावर पडतं. लीडरचा शेवटचा बारीक भाग म्हणजे टिपेट. 4एक्स साधारण 0.18 मिलिमीटर जाड, 5एक्स 0.15, एक्सचा आकडा वाढला की दोरा बारीक. कोणत्या माशीला कोणता, याचा अंदाज सोपा आहे: माशीच्या नंबराला 3ने भागा. 14 नंबरच्या माशीला 5एक्स. माशीचेही आकडे उलटेच, 18 नंबरची माशी 10च्या मानाने इवलीशी.

नव्या लीडरला पहिल्याच दिवशी अर्धा मीटर टिपेट जोडून टाका. माशी बदलताना दर वेळी बोटभर दोरा जातो. तो टिपेटमधून गेला तर लीडर टिकतो, नाही तर चार दिवसांत लीडरच आखूड आणि जाड होतो.

बाकी खिशात: दोरा कापायला नेलकटर, गळ काढायचा चिमटा, तरंगती माशी कोरडी ठेवायचं मलम, छोटी शिशाची दाणेदार वजनं. आणि चष्मा. पोलराइज्ड असेल तर पाण्याखालचं दिसतं, पण ते नंतरचं. डोळ्याशेजारून गळ सूं करून जातो, म्हणून कोणताही का होईना, चष्मा आणि टोपी घातल्याशिवाय दांडी उचलू नका.

दोन गाठी

टिपेट जोडायला सर्जन गाठ. दोन्ही दोरे 15 सेंटिमीटर एकमेकांवर ठेवा, दोन्ही मिळून एक फास करा, फासातून टिपेट आणि लीडरचं मोकळं टोक एकत्र दोनदा काढा आणि चारही टोकं एकाच वेळी ओढा. माशी बांधायला क्लिंच गाठ. टोक गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या छोट्या फटीतून काढा, मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा आणि ओढा. दोन्ही गाठी आवळण्याआधी थुंकी लावून ओल्या करा. कोरडी गाठ घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतो. मग मोठा मासा तुटून गेल्यावर दोष दोऱ्याला दिला जातो.

फेक: जोर कमी, थांबा जास्त

फेकीचा सराव गावच्या मैदानावर, गवतावर करा. सिमेंटवर दोरीचं आवरण खरवडतं. माशीऐवजी 2 सेंटिमीटर लोकरीचा रंगीत तुकडा बांधा. गळ अजिबात नको. रोज 20 मिनिटं पुरतात, सलग तीन तास केले तर मनगट चुकीची सवय पक्की करून ठेवतं.

टोकातून 7-8 मीटर दोरी बाहेर, समोर सरळ पसरलेली. अंगठा मुठीवर वरच्या बाजूला, दांडीचं टोक जमिनीजवळ. इथून दांडी सावकाश उचला, वेग वाढवत न्या आणि दांडी खांद्याच्या जरा मागे, घड्याळात 1 वाजतो तिथे आल्यावर खट्कन थांबवा. हा थांबा म्हणजेच फेक. दांडी थांबली की तिच्यात साठलेला जोर दोरीत उतरतो आणि दोरी मागे उलगडत जाते. ती सरळ होईपर्यंत वाट पाहा. मान वळवून खुशाल बघा, कोणी हसणार नाही. मग तसाच वेग वाढवत पुढे, 10-11 वाजता पुन्हा थांबा, आणि दोरी उलगडली की टोक खाली आणा.

कुठे काय बिघडलं हे आवाज आणि आकार सांगतात. मागे चाबकासारखा फटका ऐकू आला तर दोरी सरळ होईपर्यंत तुम्ही वाट पाहिली नाहीत. अशाने माशी तुटून जाते. दोरी मागे गवताला लागत असेल तर मनगट ढिलं पडून दांडी 3 वाजेपर्यंत गेली आहे. त्यावर उपाय: पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि दांडीचं खालचं टोक बाहीच्या कफात खोचा. मनगट वाकूच शकणार नाही, हात कोपरातून चालेल. पुढे जाताना एकदम झटका दिला तर दोरी स्वतःलाच आडवी जाते आणि टिपेटला बारीक गाठी पडतात. लोक वाऱ्याला नावं ठेवतात, पण गाठ बहुतेक वेळा हातातल्या घाईचीच असते. अशी गाठ दिसली की टिपेट कापून नवा बांधा. गाठीपाशी दोऱ्याची ताकद जवळपास निम्मी होते.

मागे झाडी असेल तर रोल फेक लागते. दोरी पाण्यावरून सावकाश मागे ओढायची, दांडी कानाजवळ आणून क्षणभर थांबायचं, दोरीचा पोटासारखा फुगारा खांद्यामागे लोंबला की पुढे फेकून थांबायचं. हिला पाण्याची पकड लागते, म्हणून ती मैदानावर नीट जमत नाही. ओळखीच्या शेततळ्यावर परवानगी काढून करा, पण तिथेही लोकरीच्या तुकड्यानेच: तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाला गळ लागून भोक पडलं तर मासेमारीही संपली आणि ओळखही. आणि कागदाच्या उतारावर पाय टाकू नका. तो शेवाळलेला असतो, घसरलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. तलावात चिलापी असतील, तळ मातीचा असेल आणि मालक हो म्हणाला, तर 14 नंबरच्या छोट्या माशीवर मासा लागण्याची सवयही घरच्या घरी होते.

नदीवर

तीर्थनवर पोचल्याबरोबर पाण्यात उतरू नका. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जा. नवखा माणूस मासे काठाशी असताना त्यांच्यातून चालत जातो आणि नदीच्या मध्यावर लांब फेक टाकतो. आधी पायाजवळचं पाणी धुंडाळा. वेगवान आणि संथ पाण्याची जिथे शिवण पडते, ती जागा सगळ्यात मोलाची: मासा संथ बाजूला कष्ट न करता उभा राहतो आणि वेगवान बाजूने वाहत येणारा घास टिपतो. मोठ्या दगडाची मागची बाजू सगळ्यांना सुचते. पुढच्या बाजूलाही पाण्याची उशी असते, तीही सोडू नका.

काठाजवळचा एखादा दगड उलटून पाहा. त्याखाली किड्यांच्या अळ्या चिकटलेल्या दिसतील. तेवढ्याच आकाराची, त्याच रंगाची माशी निवडा आणि दगड होता तसा ठेवा. डबीत सोळा प्रकार नकोत. बुडणाऱ्यांत 14 नंबरची हेअर्स इअर आणि 16ची फेझंट टेल, तरंगणाऱ्यांत 14ची पॅरॅशूट अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, आणि गढूळसर पाण्यासाठी 8 किंवा 10ची काळी वूली बगर. प्रत्येकी तीन-चार घ्या, कारण झाडांचा आणि खडकांचा वाटा ठरलेला असतो.

पाण्यावर मासे उडी मारताना दिसत नसतील तर बुडणाऱ्या माशीने सुरुवात करा, ट्राउट बहुतेक खाणं तळाशीच खातो. लीडरवर छोटा तरंगता ठिपका लावा, माशीपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. माशी अधूनमधून तळाला टेकली पाहिजे. कधीच टेकत नसेल तर शिशाचा एक दाणा वाढवा. दर फेकीला अडकत असेल तर कमी करा. ठिपका थबकला, बुडाला, तिरका सरकला की दांडी उचला. दगड असेल, असू दे. मासा माशी तोंडात धरतो ती क्षणभरच, विचार करायला वेळ देत नाही.

फेक चांगली पडूनही मासा बघत नसेल तर बहुधा ओढ लागते आहे. मधला वेगवान प्रवाह दोरीला पोट आणतो आणि माशी पाण्यापेक्षा जोरात पळते. खरा किडा असा पळत नाही, हे ट्राउटला पक्कं ठाऊक. उपाय म्हणजे दोरी पाण्यावर टेकल्याबरोबर दांडीच्या टोकाने ते पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवणं, माशी न हलवता. मीटरभर बिनओढीचं वाहणं हे वीस मीटरच्या फेकीपेक्षा जास्त मासे देतं.

मासा लागला की दांडी वर आणि वाकलेली ठेवा, तो पळेल तेव्हा दोरी सोडा, थांबेल तेव्हा गोळा करा. बारीक दोऱ्याला झटके सोसत नाहीत, ते वाकलेली दांडी सोसते. फार वेळ खेळवूही नका. दमून गेलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही. गळाचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून सपाट करा. हात ओले केल्याशिवाय माशाला धरू नका, कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरा. तो स्वतः निसटेपर्यंत सोडू नका. उन्हाळ्यात पाणी 20 अंशांवर गेलं तर दुपारी दांडी आवरून ठेवा, तेवढ्या गरम पाण्यात ट्राउटला दम भरून काढता येत नाही.

पाण्यात मांडीच्या वर जाऊ नका. प्रवाहाकडे अंगाची एक बाजू करून, हातात काठी घेऊन, पाय न उचलता सरकवत चाला. पाणी अचानक मळकट झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जड झाला तर वर कुठे तरी पाऊस झाला आहे. मासा लागलेला असला तरी निघा. लारजीच्या खाली बियासच्या पात्रात तर उतरूच नका. 2014च्या जूनमध्ये तिथल्या धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ पात्रात उतरलेले विद्यार्थी वाहून गेले.

मुक्कामावर परतल्यावर दोरी साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. मळलेली दोरी तरंगत नाही. डबी रात्रभर उघडी ठेवा, ओल्या माशीचा गळ दोन दिवसांत गंजतो. बूटही पूर्ण वाळवूनच दुसऱ्या नदीवर न्या, नाही तर एका पाण्यातले जीवजंतू दुसऱ्यात जातात.