पोस्टर लागतं, पण वाचलं जात नाही: या चुका टाळा

संशोधन परिषदेच्या आदल्या संध्याकाळी पणजीतल्या कुठल्याही प्रिंटिंगच्या दुकानात डोकावून बघा. पेनड्राइव्ह घेतलेली तीन-चार पोरं काउंटरला चिकटलेली असतात आणि त्यातलं एक फोनवर गाईडना विचारत असतं, "सर, उभं की आडवं?" आयोजकांचं सूचनापत्र महिनाभर आधी उघडलं असतं तर हा प्रश्न तेव्हाच सुटला असता. उभ्या बोर्डावर आडवं पोस्टर लावलं की त्याची एक बाजू शेजाऱ्याच्या निष्कर्षांवर चढते आणि शेजारी दिवसभर तोंड वाकडं करून उभा राहतो. मी असं पोस्टर लावलेलं आहे, त्यामुळे ते तोंड मला चांगलं आठवतं.

प्रबंध कापून चिकटवणे

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात. पोस्टरसमोरून जाणाऱ्याच्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात परिषदेची पिशवी असते. त्याला आणखी चाळीस पोस्टरं बघायची असतात. दोन मीटरवरून तो फक्त शीर्षक वाचतो आणि थांबायचं की नाही ते तिथेच ठरवतो.

समजा, तुम्ही गोव्यातल्या चोडण बेटावर खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतात, काम केलंय. मानशीजवळचं, म्हणजे बांधातल्या दाराजवळचं, पाणी आणि बांधाच्या आतली माती वर्षभर तपासलीय. शीर्षक बहुधा असं पडतं: 'उत्तर गोव्यातील खाजन परिसंस्थेतील क्षारतेच्या हंगामी बदलांचा प्राथमिक अभ्यास'. यातून काय कळलं? अभ्यास झाला, एवढंच. तुमचे आकडे तसं सांगत असतील तर सरळ लिहा: 'मानशीचं दार गळतं, तिथे भाताच्या मातीत मीठ चढतं'. खाजन म्हणजे काय हे ठाऊक नसलेलाही आता विचारेल, दार कसलं?

त्याला उत्तर चित्रातून द्या. बांध, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेत, मध्ये ओहोटीला पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला आपोआप मिटणारं लाकडी दार. दोन बाण काढले की झालं. प्रस्तावनेचे दीडशे शब्द त्यामुळे लिहायचे वाचतात आणि ते बुटक्या अक्षरांत कोंबावे लागत नाहीत. सारांशही पोस्टरवर नको. तो परिषदेच्या पुस्तिकेत छापलेला असतो. आयोजकांनी मागितला तरच लावा.

२०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकी संशोधकाने मांडलेली रचना तुम्ही पाहिली असेल: मधोमध एकच निष्कर्ष, साध्या भाषेत, भल्यामोठ्या अक्षरांत, तपशील कडेच्या पट्ट्यांत आणि खाली क्यूआर कोड. कल्पना छान आहे, पण मला ती अर्धीच पटते. आपल्याकडे परीक्षक पद्धत आणि आलेख शोधत येतो आणि मधली जागा मोकळी दिसली की 'काम कमी झालंय' असं धरून चालतो. म्हणून निष्कर्षाची ओळ वर ठळक, तिच्याखाली मुख्य आलेख आणि बाकी सगळं त्याच्या आसऱ्याला, असं मी विद्यार्थ्यांना करायला लावतो.

छापून आल्यावर कळणाऱ्या गोष्टी

पॉवरपॉइंटमध्ये काम करणार असाल तर पहिल्या मिनिटाला पानाचा आकार बदला. ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. नेहमीच्या स्लाइडवर सगळं रचून शेवटी आकार वाढवला की चौकटी सरकतात, आलेख ताणले जातात आणि तुमची खेकड्याची जात कागदावर भलतीच लांबुळकी होते.

एक सोपी तपासणी आहे. ए-झीरोची पीडीएफ साध्या ए-फोर कागदावर छापा. लांबी-रुंदी बरोबर चौपटीने घटते, म्हणजे पोस्टरवरचं २४ पॉइंटचं अक्षर हातातल्या कागदावर ६ पॉइंटचं होतं. हात लांब करून ते वाचता आलं तर पोस्टर दोन मीटरवरून वाचता येईल असं धरा. नाही आलं तर शब्द कापा. अक्षर बारीक करून जागा करू नका. मजकूर २४च्या खाली नकोच, शीर्षक ८५च्या वर हवं. आलेखाच्या अक्षांवरचे आकडे मात्र सगळेच विसरतात, कारण आलेख सॉफ्टवेअरमधून थेट उचललेला असतो आणि त्यातली अक्षरं मुंगीएवढी असतात.

फोटोंचं गणितही साधंच. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३० सेंटिमीटर रुंद लावला तर इंचाला जेमतेम १०० पिक्सेल येतात. संस्थेचं बोधचिन्ह वॉट्सअॅपवरून मागवलंत तर ते दाबून छोटं होऊन येतं; 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मराठी पोस्टर असेल तर युनिकोड फाँट वापरा आणि दुकानात कायम पीडीएफ द्या. जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की 'निष्कर्ष'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि दुकानदाराला ती चूक वाटेलच असं नाही.

रंगांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र असल्यामुळे आपल्याकडे नकाशांची पोस्टरं खूप. त्यात अजून इंद्रधनुष्यी 'जेट' रंगपट्टी दिसते. तिच्यातला पिवळा आणि आकाशी मधेच झळकतो, त्यामुळे पाण्यात जिथे हद्द नाही तिथे ती असल्यासारखी दिसते. मॅटलॅब या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरने २०१४ मध्ये मूळ निवड म्हणून ती सोडली. समुद्राच्या आकड्यांसाठी 'सीएमओशन' हा रंगपट्ट्यांचा फुकट संच आहे. क्षारतेला 'हेलाइन', तापमानाला 'थर्मल'. शिवाय एकाच आलेखात लाल रेषेच्या विरुद्ध हिरवी नको. या दोन रंगांतला फरक ज्यांना दिसत नाही असे काही जण प्रत्येक सभागृहात असतात, आणि त्यांत परीक्षकही असू शकतो. एक रेषा तुटक करा, काम भागतं.

चमकदार फ्लेक्सवर सभागृहाचे दिवे नेमके आलेखावर चमकतात. मॅट कागद किंवा कापड घ्या.

समोर उभं राहून

परीक्षकाकडे पाठ करून पोस्टर वाचून दाखवू नका. त्याला वाचता येतं. दीड-दोन मिनिटांचं बोलणं घरी तोंडपाठ नाही, पण तोंडात बसेपर्यंत करा: प्रश्न काय होता, काय केलं, काय दिसलं. मग गप्प बसा. गप्प बसणं पोरांना सगळ्यात जड जातं.

मग प्रश्न येतात, आणि खरी मजा तिथे असते. खाजनाच्या पोस्टरवर हमखास विचारलं जाईल: "कोरगुट भाताला खारं चालतंच की, मग अडचण काय?" यावर 'सरांनी हा विषय दिला' हे उत्तर नाही. कोरगुट खारं सोसतं, पण किती सोसतं आणि तुमच्या शेतात ते किती होतं, हे सांगता आलं पाहिजे. नमुने किती घेतले आणि आलेखावरच्या उभ्या रेघा कसल्या, प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) की प्रमाण त्रुटी (सरासरीतली अनिश्चितता), हे तर पोस्टरवरच लिहा. उत्तर येत नसेल तर "ते तपासलेलं नाही" म्हणा. परीक्षक त्यावर गुण कापत नाहीत, थापेवर कापतात.

राहिली पोस्टर गुंडाळून न्यायची ट्यूब. पोस्टरच्या ट्यूबा सगळ्या काळ्या आणि सारख्याच. तिच्यावर नाव लिहा. एका परिषदेहून परतताना म्हापशाच्या बसमध्ये मी माझी उघडली, तर आत कुणाचं तरी शेवाळावरचं काम. आलेख सुरेख होता. त्याच्या पोस्टरच्या कोपऱ्यात ईमेल छापलेला होता, म्हणून त्याचं त्याला परत मिळालं. माझ्यावर नव्हता.