जेटी (जावाचा वेब सर्व्हर) ९.४ वरून १२ वर जावं का?

९.४ चा मोफत कम्युनिटी सपोर्ट २०२२ मध्येच संपला, त्यामुळे प्रश्न फक्त ‘कधी’ एवढाच.

आधी कोडमध्ये ‘जावाएक्स.सर्व्हलेट’ शोधा. वेब विनंत्या हाताळणाऱ्या जावा पॅकेजचं हे जुनं नाव, नवं नाव ‘जकार्ता.सर्व्हलेट’. स्वतःच्या कोडमध्ये हा बदल करणं सोपं आहे. खरी अडचण लायब्ररींची. मेव्हन या बिल्ड टूलचा डिपेंडन्सी-ट्री (कोणती लायब्ररी कशावर अवलंबून आहे याची यादी) काढून बघा: एखादी जुनी लायब्ररी जावाएक्सवरच अडकलेली असेल, तर बिल्ड होईल, पण चालवताना क्लास सापडणार नाही. तेव्हा जेटी १२ चं ईई८ (जुन्या जावा ईई ८ साठीचं) एन्व्हायर्नमेंट घ्या. त्यात जुनी नावं चालतात.

१२ ला किमान जावा १७ लागतं. जावा आधी, वेगळ्या रिलीजमध्ये बदला. दोन्ही एकदम बदललं तर बिघाड कशामुळे हे शोधताना दमछाक होते. स्वतःचे हँडलर (येणारी विनंती थेट जेटीमध्ये हाताळणारे क्लास) लिहिले असतील तर वेळ जास्त धरा, त्यांचा एपीआय मुळातूनच बदलला आहे.