रिक्रूटिंग रँकिंग आणि प्रत्यक्ष निकाल: कॉलेज फुटबॉलचे हे दोन आकडे कसे ताडून बघायचे

डिसेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शाळकरी फुटबॉल खेळाडूंनी कुठल्या कॉलेजकडून खेळणार त्याच्या सह्या केल्या, की ओहायोतल्या कोलंबसच्या आमच्या मराठी ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरायला लागतात. आपला, म्हणजे ओहायो स्टेटचा, क्लास (त्या वर्षी सह्या केलेल्या मुलांची तुकडी) देशात कितवा, अलाबामा पुढे की मागे, मिशिगनला किती फाइव्ह-स्टार, म्हणजे सर्वात वरच्या पाच ताऱ्यांचे खेळाडू, मिळाले. ज्यांची मुलं ओहायो स्टेटला शिकतात, ते आईबाप तर त्या आकड्यावरून पुढच्या सीझनचा निकालच लावून मोकळे होतात. मी बरीच वर्षं हे आकडे आणि संघांचे निकाल शेजारी शेजारी मांडून बघते आहे. रँकिंग करणारी मंडळी खेळाडू बऱ्यापैकी अचूक हेरतात, याबद्दल मला शंका नाही. पण त्यावरून यंदाचा संघ किती सामने जिंकेल हे ठरवायचं असेल, तर मधे बरंच काम करावं लागतं. ते कसं करायचं, ते सांगते.

आधी आकडा कशाचा आहे ते नीट बघा. २४७स्पोर्ट्सचं ‘कॉम्पोझिट’ हे वेगवेगळ्या रँकिंग सेवांनी दिलेले गुण एकत्र करून काढलेलं असतं. फाइव्ह-स्टार साधारण बत्तीसच्या आसपास ठेवतात, कारण एनएफएल ड्राफ्टच्या (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याच्या) पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. म्हणजे पाच तारे हे ‘हा मुलगा पुढे पहिल्या फेरीत जाईल’ असं भाकीत आहे. येत्या सप्टेंबरात तो सामना जिंकून देईल, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. संघाच्या एकूण गुणांत वरच्या मुलांना जास्त वजन असतं, खालच्यांना कमी होत जातं, तरी प्रत्येक सहीने बेरीज थोडी वाढतेच. त्यामुळे २८ मुलं घेणारा संघ १८ मुलं घेणाऱ्या संघाच्या पुढे दिसतो, मग ती अठरा सरस असली तरीही. म्हणून क्रमांक वाचण्याआधी शेजारचा सरासरीचा रकाना वाचा.

मग एका वर्षाचा क्लास बाजूला ठेवा आणि मागच्या चार वर्षांचे एकत्र घ्या. बड एलियट या पत्रकाराने रूढ केलेला ‘ब्लू-चिप रेशो’ इथे फार उपयोगी पडतो, आणि तो तुम्ही घरी वहीवर काढू शकता. चार वर्षांत शाळांमधून सही केलेली सगळी मुलं मोजा. त्यांतली फोर-स्टार आणि फाइव्ह-स्टार किती ते मोजा. समजा ९२ पैकी ५१, तर रेशो झाला ५५ टक्के. दुसऱ्या कॉलेजातून आलेले ट्रान्स्फर यात धरायचे नाहीत. रेशो ५० च्या वर असेल, तर त्या संघाकडे राष्ट्रीय विजेतेपदाला पुरेल इतका माल आहे, असं समजायचं. कित्येक वर्षं प्रत्येक विजेता या रेषेच्या वरच निघाला. २०२२ च्या सीझनमध्ये टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) रेषेखालून थेट अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि तिथे जॉर्जियाने त्यांना ६५-७ असं चिरडलं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनही रेषेखालूनच अंतिम सामन्यात पोचलं आणि मिशिगनकडून ३४-१३ ने हरलं.

उलट बाजूचं उदाहरण हवं असेल, तर टेक्सस ए अँड एमचा २०२२ चा क्लास उघडा आणि एकेक नाव वाचत जा. देशात पहिला, आणि तोपर्यंतच्या सगळ्या क्लासेसपेक्षा जास्त गुणांचा. एकट्या डिफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत, वॉल्टर नोलन, शेमार स्टुअर्ट, एलटी ओव्हरटन, अँथनी लुकस. त्याच सीझनमध्ये संघ ५-७ (पाच विजय, सात पराभव) वर आटोपला आणि स्वतःच्या मैदानावर ॲपलेशियन स्टेटकडून १७-१४ असा हरला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना करारापोटी सात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं कबूल करून घालवलं.

पण इथे थांबू नका, ती नावं पुढे शोधा. लुकस एका सीझननंतर यूएससीला गेला. ओव्हरटन अलाबामाला, नोलन ओल मिसला. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सोळावा क्रमांक नोलनचा होता आणि सतरावा स्टुअर्टचा. दोघं लागोपाठ पहिल्या फेरीत! म्हणजे तारे देणाऱ्यांचा अंदाज चुकला नव्हता. ती मुलं पहिल्या वर्षाला होती, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, सीझनभर बदलत राहिला आणि ऑफेन्सला (आक्रमक बाजूला) गुण काढता येत नव्हते. मुलं तयार झाली तोवर त्यातली बरीचशी दुसऱ्याच्या जर्सीत होती. रँकिंग फसलं असं म्हणण्याआधी त्या मुलांचं काय झालं हे बघायची सवय लावा. चूक निवड करणाऱ्यांची होती की सांभाळणाऱ्यांची, हे तिथेच कळतं.

म्हणूनच पुढची पायरी वजाबाकीची. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची अधिकृत यादी, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता यायला लागले. तेव्हापासून जुन्या क्लासचा क्रमांक जसाच्या तसा वापरण्यात अर्थ उरलेला नाही. चारही वर्षांची यादी घ्या, गेलेल्यांवर काट मारा, आलेल्यांची नावं खाली लिहा. आलेल्यांपुढे शाळेतले तारे लिहू नका. आधीच्या कॉलेजात किती खेळला आणि कसा खेळला, ते लिहा.

इंडियाना नेमकं इथेच उलगडतं. २०२३ मध्ये ३-९. मग जेम्स मॅडिसनहून कर्ट सिग्नेटी आले आणि तिथले बरेच खेळाडू सोबत घेऊन आले: एलायजा सॅरॅट, डँजेलो पाँड्स, एडन फिशर, मिकेल कमारा. शाळेतले तारे मोजले असते तर यांची कुणी दखल घेतली नसती, पण मैदानावरचा अनुभव भरपूर होता. २०२५ साठी कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक आणला. शाळेत असताना मोठ्या संघांनी त्याच्याकडे फारसं बघितलंही नव्हतं. त्याने हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा किताब, जिंकली आणि इंडियाना १६-० असं अपराजित राहून जानेवारी २०२६ मध्ये विजेतं झालं. ५० टक्क्यांची रेषा तिथे मोडली. माझ्या मते रेशो अजून उपयोगाचा आहे, पण त्याच्याशेजारी वयाचा आणि खेळलेल्या सामन्यांचा रकाना आता हवाच.

आता जागा बघा, म्हणजे मैदानावर कोण कुठे खेळतो ते. सगळे तारे एकाच मोलाचे नसतात. फेकलेला चेंडू झेलणारा वाइड रिसीव्हर सतराव्या वर्षीही ओळखता येतो. पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनमनचं वजन अजून वाढायचं असतं, ताकद यायची असते, आणि तिथे अंदाज जास्त चुकतात. ३० नोव्हेंबर २०२४ चा मिशिगन सामना पुन्हा लावून बघा. दोन्ही संघांच्या एकूण ताऱ्यांत ओहायो स्टेट बरंच पुढे होतं. पण आपल्या ऑफेन्सिव्ह लाइनचा सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन आणि लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स दोघंही दुखापतीने बाहेर, आणि समोर मिशिगनच्या डिफेन्सिव्ह लाइनवर मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. हे दोघंही पुढे पहिल्या फेरीत गेले, आणि ग्रँटला शाळेत तीनच तारे होते. ओहायो स्टेटने २६ वेळा धावून ७७ यार्ड काढले, पुन्हा पुन्हा त्याच भिंतीच्या मध्यावर आदळत. १०-१३ ने हार. चेंडू आपला रिसीव्हर जेरेमाया स्मिथकडे का फेकत नाहीत, म्हणून माझा जीव तुटत होता. तोच संघ पुढे टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि नोटर डेमला हरवून विजेता झाला, कारण लाइनची जुळवाजुळव नीट झाली आणि चेंडू लांब फेकायला सुरुवात झाली. तेव्हा यादीत क्वार्टरबॅक आणि दोन्ही लाइन यांच्याखाली रेघ मारून ठेवा. सीझन चालू असताना दुखापतींच्या बातम्या आधी याच जागांच्या वाचा.

निकालाची बाजूही तितकीच कसून तपासा, नुसतं जिंकले-हरले पुरत नाही. नेब्रास्का २०२१ मध्ये ३-९ होतं, पण नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने. तो संघ वाईट नव्हता, अटीतटीच्या वेळी ढेपाळत होता. मी गुणांचा फरक, एका स्कोअरच्या (आठ किंवा कमी गुणांच्या) फरकाने सुटलेले सामने आणि प्रतिस्पर्धी, हे तीन रकाने करते. जास्त वेळ नसेल तर बिल कॉनेली यांचं एसपी+ हे संघांचं रेटिंग बघा. सीझनपूर्व अंदाजात ते परत येणारे खेळाडू, अलीकडचं रिक्रूटिंग आणि मागच्या वर्षांची कामगिरी एकत्र धरतात.

हे सगळं करायचं ऑगस्टमध्ये, सराव सुरू झाल्यावर. तोवर पोर्टलमधली ये-जा संपलेली असते. आपल्या संघाबरोबर त्याच्या वेळापत्रकातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा रेशो आणि परत येणारा क्वार्टरबॅक एका ओळीत लिहा, आणि अंदाज पहिल्या सामन्याच्या आधी तारीख घालून लिहून ठेवा. डिसेंबरात सह्या होतील तेव्हा नवीन क्लासची यादी त्याच वहीत मागच्या पानावर उतरवा. ती उघडायची ती तीन वर्षांनी.