मित्रांसोबतचा पहिला ट्रेक: या चुका टाळा

टाचेला काहीतरी चुरचुरतंय, पण सगळे पुढे निघालेत, आता त्यांना कुठे थांबवायचं, असं म्हणून गप्प चालत राहणं ही पहिल्या ट्रेकमधली सर्वांत महागात पडणारी चूक. दोन मिनिटांत मिटणारी तक्रार तासाभरात फोड होते. फोडामुळे पाऊल वाकडं पडतं, वाकड्या पावलाने घोटा मुरगळतो आणि मग सगळ्या गटालाच उतरताना अंधार गाठतो. कड्याची भीती सगळ्यांना वाटते, म्हणून तिथे माणूस आपोआप जपून चालतो. टाच आणि घड्याळ यांची भीती कुणालाच वाटत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. चालायला लागल्यावर २० ते २५ मिनिटांनी पहिला थांबा सर्वांसाठी सक्तीचा ठेवा. बुटाच्या नाड्या, सॅकचे पट्टे, अंगावरचा जास्तीचा कपडा, सगळं तिथे नीट करून घ्यायचं. थांबा आधीच ठरलेला असला की ‘माझ्यामुळे सगळे खोळंबले’ असं कुणाला वाटत नाही. त्यानंतरही कुणी ‘थांबा’ म्हटलं तर कारण न विचारता थांबायचं.

वेळेचा हिशेब सपाट रस्त्याचा करणं

‘जाऊन-येऊन दहा किलोमीटर, म्हणजे दोन तास’ हा हिशेब डोंगरात चालत नाही. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा साधारण असा आहे: दर ५ किलोमीटरला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. पण हा सराव असलेल्या माणसाचा, न थांबता चालण्याचा वेळ आहे. नवख्या गटासाठी त्याची दीडपट धरा.

समजा जाऊन-येऊन १० किलोमीटर आणि चढाई ९०० मीटर. ठोकताळ्याने २ अधिक दीड, म्हणजे साडेतीन तास. दीडपट केली की सव्वापाच. दर तासाला १० मिनिटं विश्रांती आणि माथ्यावर पाऊण तास धरला की जवळजवळ सात तास होतात. सकाळी ८ ला निघालात तर माथ्यावर पोहोचायलाच साडेबारा वाजणार.

म्हणून निघण्याआधीच मागे फिरायची वेळ ठरवा. वरच्या उदाहरणात ती दुपारी १ ठेवता येईल, कारण वाट निसरडी निघाली आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला, तरी साडेपाचपर्यंत पायथा गाठता येतो. १ वाजला की माथा समोर दिसत असला तरी परतायचं. हा निर्णय पायथ्याशीच घ्यायला हवा. माथा पंधरा मिनिटांवर दिसत असताना मित्रांच्या घोळक्यात ‘चला, परत’ म्हणणं फार अवघड असतं.

दमलेल्याला विश्रांतीच न मिळणं

हे जवळपास प्रत्येक नव्या गटात घडतं. पुढचे झपाझप चढतात, वर जाऊन दहा मिनिटं बसतात, मागचा धापा टाकत पोहोचतो आणि तो दिसला की पुढचे उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याला ती शून्य मिनिटं मिळते. असं तीन-चार वेळा झालं की त्याचे पाय लटपटू लागतात आणि दोष मात्र त्याच्या ‘फिटनेस’ला दिला जातो. विश्रांतीची मिनिटं शेवटचा माणूस बसल्यापासून मोजा.

सर्वांत पुढे चालणारा तो लीड, सर्वांत शेवटी चालणारा तो टेल, दोघंही वाट समजणारे हवेत. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला लीडच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे वेग त्याच्या पावलांनी ठरेल. टेलच्या मागे कुणीही राहायचं नाही. वेग बरोबर आहे का, हे ओळखायची खूण म्हणजे चढताना एक पूर्ण वाक्य सलग बोलता यायला हवं. दोन-दोन शब्दांवर धाप लागत असेल तर पावलं लहान करा.

पाय

नवे कोरे बूट घालून थेट ट्रेकला जाऊ नका. आधी तीन-चार दिवस तासभर तरी त्यात चाला. उलट बाजूची चूक म्हणजे कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेले बूट मागून आणणं. बऱ्याच बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या दमटपणाने ते न वापरताही आतून ठिसूळ होतं, आणि वरून धड दिसणारा बूट चढावर तळव्यापासून सुटतो. तसं झालंच तर कापडी चिकटपट्टी किंवा जादा नाडी बुटाभोवती दोन ठिकाणी घट्ट गुंडाळून परता, पुढे चढू नका.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी मऊ पडते आणि घासली की फोड येतो. चुरचुर जाणवली की तिथल्या तिथे बूट काढा, कातडी पूर्ण कोरडी करा आणि चिकटपट्टीचे कोपरे गोल कापून ती सुरकुती न पडता लावा. कोपरे टोकदार राहिले तर मोज्याने पट्टी सुटते आणि तिचीच गुंडाळी घासू लागते.

उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटतात, नखं काळी पडतात. नखं दोन दिवस आधी कापा. उतरण्यापूर्वी टाच मागे ठोकून पूर्ण बसवा आणि नाडी पुन्हा बांधा. सर्वांत वरच्या दोन छिद्रांमधून नाडी त्याच बाजूला परत ओवून लहान फास करा, दोन्ही टोकं समोरच्या फासातून काढून ओढा, मग गाठ मारा. टाच जागची हलत नाही. घसाऱ्यावर गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाका. मागे रेलून टाचेवर भार दिला की पाय हमखास सटकतो. दगड सुटला तर ‘दगड!’ असं मोठ्याने ओरडा, तो कुणाचा पाय लागून सुटला हे नंतर बघता येईल.

सॅक आणि पाणी

एका दिवसासाठी वजनाच्या एक दशांशाहून जड सॅक नको. ६० किलोच्या माणसाला ६ किलो, आणि त्यातलं जवळपास निम्मं पाणीच. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या पातळीवर. आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळा, मग खांद्यांचे, शेवटी छातीचा. हातात बाटली किंवा पिशवी नको, तोल जाताना दोन्ही हात लागतात.

पाणी ताशी साधारण अर्धा लिटर, उन्हात जास्त. तहान मारून शेवटी एकदम ढोसू नका. खूप घाम गेलेला असताना काही न खाता फक्त साधं पाणी लिटर-लिटर पीत राहणंही वाईट, कारण रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ सुरू होते. ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी पितो. पाण्यासोबत खारट काहीतरी खा, ओआरएसची पुडी जवळ ठेवा.

माथ्यावर बसण्याआधी कोरडा कपडा किंवा जाकीट चढवा. दर हजार मीटरला तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरतं आणि घामाने ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरायला वेळ लागत नाही.

वाट चुकल्यावर पुढेच जाणं

पंधरा मिनिटं खूण दिसली नाही, पायवाट पुसट झाली किंवा ढोरवाटा फुटू लागल्या तर थांबा आणि शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे या. ‘ओढ्याने उतरलं की खाली पोहोचूच’ हा समज घातक आहे. ओढे कड्यावरून उडी घेतात, आणि जिथून घसरत उतरलात तिथून परत चढता येत नाही.

नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा. जीपीएसला मोबाइलचा सिग्नल लागत नाही, आणि सिग्नल शोधत राहणं थांबलं की बॅटरी टिकते. हेडटॉर्च प्रत्येकाकडे वेगळा हवा.

विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल तर डोंगराची धार आणि माथा लगेच सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जाऊ नका.

कुणी जखमी झाला तर त्याच्याजवळ एक जण थांबेल आणि दोघं मदतीला जातील, म्हणून गट किमान चौघांचा असावा. शिट्टी सॅकच्या आत नको, खांद्याच्या पट्ट्याला बांधा. आल्प्समध्ये रूढ असलेला मदतीचा इशारा म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी येतं. ते आलं तरी मदत प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत इशारे थांबवू नका, कारण शोधणारे त्याच आवाजाच्या रोखाने येत असतात.